टेम्पोची चावी आसियाचाचींकडे

प्रणित भगतला कोणी फसवू शकणार नाही, असं नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत सर्वांचं मत होतं. हे मत पहिल्यांदा मांडलं होतं ते प्रणितनेच. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आणि सामोसे येण्याआधी त्याने ‘ऑनलाइन फसवणुकीपासून सावधान’ या विषयावर भाषण केलं होतं. सामोसे उशिरा आल्यामुळे ते चांगलंच लांबलं. त्यातले मुख्य मुद्दे त्याने नंतर मोठ्या अक्षरात छापून लिफ्टमध्ये चिकटवले. खाली ‘सेक्रेटरी’ असं लिहून सहीसुद्धा केली. तेव्हापासून लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस चौथ्या मजल्यापर्यंत सावध होत जायचा.

त्यामुळे बायकोने, अंकिताने, जुनी घरघंटी ऑनलाइन बघून घ्यायचं ठरवलं, तेव्हा पैशांची बाजू आपण सांभाळणार हे प्रणितने परस्पर जाहीर करून टाकलं. अंकिता नुसतं ‘बरं’ म्हणाली. तिच्या ‘बरं’चे अनेक अर्थ असतात, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

घरघंटी ही हौस नव्हती. अंकिताची शाळेच्या ऑफिसातली नोकरी उन्हाळ्यात सुटली होती. घरी बसून कुढण्यापेक्षा तिने चकलीची भाजणी विकायला सुरुवात केली आणि ती लोकांना भलतीच आवडली. पण दळायला बाहेरच्या गिरणीवर जावं लागायचं, आणि गिरणीवाला तिच्या आधी कोणाची तरी मिरची दळून मोकळा झालेला असायचा. एका गिऱ्हाइकाच्या चकल्या खाऊन पाहुण्यांना ठसका लागला. दिवाळीच्या ऑर्डरी तिने घेऊन ठेवल्या होत्या. नवी घरघंटी परवडणारी नव्हती. नोकरी सुटताना मिळालेले थोडे पैसे तेवढे तिने बाजूला ठेवले होते. ते गेले असते तर भाजणीही गेली असती, आणि त्या भाजणीच्या जोरावर अंकिताच्या चेहऱ्यावर परत आलेलं काहीतरी गेलं असतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या चंद्रावतीबाईंचं म्हणणं पडलं, की दुसऱ्याच्या घरची चक्की आणली की त्या घरची भांडणंही पिठात येतात. तळमजल्यावर राहणारे काशीरामकाका याच्या अगदी उलट मताचे होते. काका मूळचे जवळच्या नेरे गावचे. जमिनीचे पैसे आले, इमारतीत दोन फ्लॅट झाले, तरी त्यांनी आपला जुना छोटा टेम्पो विकला नव्हता. सकाळी उठून तो पुसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. कुठूनही चक्की आणायची असेल तर टेम्पो आपला, भाडं नाय, असं त्यांनी सांगून टाकलं. त्याबरोबर, मशीन घेताना कान लावून बघ, माणूस घेताना डोळे लावून बघ, असा सल्लाही दिला. प्रणितने तो नम्रपणे ऐकून घेतला आणि मनातल्या मनात नापास केला. आता व्यवहार डोळ्यांनी नाही तर पद्धतीने करायचे असतात, असं त्याचं म्हणणं होतं.

पहिली घरघंटी मिळाली ती एका मोठ्या अधिकाऱ्याची. निदान तो तसं सांगत होता. बदली झाली आहे, सामान स्वस्तात काढतोय, मशीन जवळजवळ नवीन आहे. आपल्या ओळखपत्राचा फोटो त्याने न मागता पाठवला. प्रणितशी तो इंग्रजीत बोलला आणि प्रत्येक वाक्याला ‘सर’ म्हणाला. ऑफिसात प्रणितला सर म्हणणारं कोणी नव्हतं. चहावालासुद्धा ‘ओ भगत’ म्हणायचा. त्यामुळे तिसऱ्या ‘सर’ला प्रणित थोडा विरघळला आणि दहाव्याला पार वाहून गेला. अधिकाऱ्याने एक कोड पाठवला. हा स्कॅन करा सर, पिन टाका सर, तुमचं खातं तपासलं जाईल आणि वर तुम्हालाच ठेवीची रक्कम जमा होईल सर.

प्रणितने फोन हातात घेऊन पिनचे पहिले आकडे टाकले, तेवढ्यात अंकिताने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. त्याचा दंड धरून तिने त्याला बाहेर नेलं, लिफ्ट बोलावली, आत उभं केलं आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. तिसरा मुद्दा असा होता: ‘पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त देण्यासाठी.’ खाली सही. दरवाजा बंद झाला आणि कोणीतरी वरून बटण दाबल्यामुळे प्रणितला आपलंच लिखाण दोनदा वाचायला मिळालं. वरच्या मजल्यावर चंद्रावतीबाई आत शिरल्या. कागद खूप उपयोगी आहे हो तुमचा, असं त्या मनापासून म्हणाल्या. त्याने मान डोलावली.

आपण तो माणूस अधिक खोलात जाऊन तपासत होतो, असं त्याने नंतर एकदा जेवताना सांगून पाहिलं. अंकिता ‘बरं’ म्हणाली.

दुसरी जाहिरात तिनेच शोधली. फोटो एकच होता, आणि त्यात घरघंटीवर फुलाफुलांची चादर घातलेली होती. विकणारीचं नाव आसिया, राहणार जुनं पनवेल. फोन लागला तेव्हा अंकिताने काही विचारण्याआधी पलीकडूनच चौकशी सुरू झाली. तुम्ही कोड पाठवणाऱ्यांपैकी तर नाही ना? कुठे राहता? घरात कोण कोण? मशीन कशाला पाहिजे? आसियाचाचींना आधी एक गिऱ्हाईक भेटलं होतं. ‘पैसे पाठवले’ म्हणून त्याने फोनवरचं चित्र दाखवलं आणि मिक्सर उचलून नेला. ते पैसे अजून यायचे होते. त्यामुळे त्यांच्या अटी पक्क्या होत्या. दिवसाउजेडी यायचं. आपलं धान्य आपण आणायचं, दळून बघायचं. आगाऊ एक पैसा द्यायचा नाही, त्या घेणारही नाहीत. आणि पैसे खात्यात आलेले स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय चक्की उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

फोन ठेवल्यावर अंकिताचा चेहरा खुलला होता. तिच्या स्वतःच्या अटी अगदी अशाच होत्या, फक्त उलट्या बाजूने. चक्की ताब्यात आल्याशिवाय ती पैसे सोडणार नव्हती. दोन इतक्या शहाण्या बायका समोरासमोर आल्यावर व्यवहार होणारच कसा, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही.

प्रणितने ऑफिसातून एक दिवस रजा काढली आणि तिघं काकांच्या टेम्पोतून जुन्या पनवेलला गेले. आसियाचाची दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. उंच, सडसडीत, डोक्यावरून पांढरी ओढणी, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांची सून हादिया आत चहा करत होती. मुलगा नावेद कुवेतला. मिस्टर जाऊन काही वर्षं झाली होती. पूर्वी घरात इतकी माणसं होती की भाकरीचं पीठ रोज दळावं लागायचं. आता सासू-सून दोघीच. चाची म्हणाल्या, की दोन भाकऱ्यांसाठी एवढं मशीन फिरवायचं म्हणजे मशीनलाच लाज वाटते.

चादर निघाली. घरघंटी खरोखर उत्तम ठेवलेली होती. अंकिताने आणलेले गहू वर ओतले, मग भाजलेली डाळ-तांदळाची भाजणी ओतली. काकांनी मशीनला कान लावला. चिमटीतलं पीठ चोळून अंकिताने वास घेतला आणि ती प्रणितकडे बघून नुसती हसली. इतका वेळ सगळं सरळ चाललं होतं. मग पैशांचा विषय निघाला.

प्रणितने फोन काढला. हादियाने आपला कोड पुढे केला. त्यावर नाव आलं नावेदचं. लिफ्टमधल्या कागदाचा चौथा मुद्दा होता, की विकणारा एक आणि खातं दुसऱ्याचं असेल तर पैसे देऊ नयेत. आता एकदा हात पोळलेला प्रणित चौथ्या मुद्द्याला चिकटून राहिला. मुलाचंच खातं आहे, असं हादियाने समजावलं. पण चाचींनीच त्याची बाजू घेतली. बरोबर बोलतात ते, चक्की माझी आहे, पैसे माझ्या खात्यात येऊ देत, असं म्हणून त्यांनी पासबुक आणलं.

प्रणितने खाते क्रमांक भरला. एवढ्या मोठ्या रकमेसाठी नवीन माणूस आज जोडला तर बँक पैसे उद्याच सोडेल, असं फोनने सांगितलं. निदान खातं बरोबर आहे का ते कळावं म्हणून त्याने एक रुपया पाठवून पाहिला. रुपया गेला. पण पोचला का, ते कळेना, कारण चाचींच्या खात्याला फोन नंबर जोडलेला होता नावेदचा. निरोप गेला कुवेतला.

मग अंकिताने पर्समधून नोटांचं पाकीट काढलं. तिने ते कधी भरून आणलं होतं याचा प्रणितला पत्ताच नव्हता. पण चाची रोख घेईनात. मिस्टरांच्या धंद्यात एकदा खोट्या नोटा आल्या होत्या, आणि त्या दिवसापासून नोटांवर त्यांचा एतबार राहिला नव्हता. हादियाने चेक सुचवला. चेक वटण्याआधी चक्की जाणार, म्हणून तोही चाचींना नको.

“मग असं करू,” अंकिता म्हणाली, “तुमच्या बँकेत जाऊन तुमच्या खात्यात रोख भरते. नोटा तिथलं मशीन तपासेल.”

“चालेल,” चाची म्हणाल्या. “चक्की इथे राहील.”

“तसं नाही चालणार मला. पैसे भरून आले आणि दाराला कुलूप असलं तर?”

हे वाक्य ऐकून प्रणितने चहाचा कप खाली ठेवला. चाचींच्या घरात, चाचींचा चहा पिऊन, त्यांनाच असं तोंडावर म्हणायचं? पण चाची रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावून अंकिताकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “बेटी, मी तुझ्या जागी असते तर हेच बोलले असते.”

त्या दोघींना एकमेकींवर विश्वास नव्हता आणि दोघी एकमेकींना फार आवडल्या होत्या. प्रणितने असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याला आजवर वाटायचं, की संशय घ्यायचा म्हणजे आवाज चढवायचा, नाहीतर आवाज गिळायचा.

तोड काढली काशीरामकाकांनी. चक्की टेम्पोत चढवा. टेम्पो बँकेसमोर उभा करू. बाईंनी टेम्पोची चावी घेऊन आत जायचं. पैसे जमा झाले की चावी द्यायची. “चक्की धड तुमची नाय, धड आमची नाय,” काका म्हणाले. “मधीच राहील. आमी बसतो तिच्यापाशी.”

चाचींनी थोडा विचार केला. घरघंटी जरा पुसून देते, असं सांगून त्यांनी सर्वांना बाहेर पाठवलं, आणि मग होकार दिला.

घरघंटी चढवताना अर्धी गल्ली सल्ला द्यायला जमली. पुढे काका, अंकिता आणि चाची बसले. प्रणितला जागा मिळाली मागे, चक्कीला मिठी मारून. गल्लीच्या वळणावर त्याच्या ऑफिसातले साहेब मोटारीतून जाताना दिसले. त्यांनी काच खाली केली, प्रणितकडे बघितलं, फुलाफुलांच्या चादरीकडे बघितलं आणि काच पुन्हा वर केली. दुसऱ्या दिवशी काय सांगायचं याची प्रणित उरलेल्या रस्त्यात जुळवाजुळव करत होता.

बँकेसमोर टेम्पो लागला. काकांनी चावी काढून चाचींच्या हातात ठेवली. ती ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधत चाची आत गेल्या. मागून अंकिता आणि प्रणित.

खिडकीवर दिपिका नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी खातं उघडलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. खात्यावर थोड्याच वेळापूर्वी संशयास्पद व्यवहाराची तक्रार आली होती. तिचा निकाल लागेपर्यंत एक पैसा भरता येणार नव्हता. संशयास्पद व्यवहार कोणता, तर कोणा प्रणित भगत नावाच्या माणसाने पाठवलेला एक रुपया.

झालं होतं असं. रुपया जमा झाल्याचा निरोप कुवेतला पोचला. फसवणूक करणारे आधी एक रुपया पाठवून खातं चालू आहे का बघतात, असं नावेदने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने तडक बँकेला फोन लावून खातं गोठवायला सांगितलं. मग घरी फोन केला, तेव्हा हादिया म्हणाली, की अम्मी अनोळखी माणसांबरोबर टेम्पोत बसून बँकेत गेल्यात. त्यांचा फोन घरीच राहिलाय. एवढं ऐकल्यावर कुवेतमधल्या मुलाची काय अवस्था झाली असेल, हे प्रणितलाही समजू शकत होतं. फक्त त्या गोष्टीतला चोर आपण आहोत, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दिपिकामॅडमनी नावेदला व्हिडिओ कॉल लावला. फोनच्या चौकटीत एक दाढीवाला घाबरलेला तरुण दिसला. त्याने आधी आईला विचारलं की कोणी धाक तर दाखवत नाही ना. चाची नाही म्हणाल्या. त्याला ते पटेना. धाक दाखवलेला माणूस नाहीच म्हणणार.

“अम्मी, सगळं ठीक असेल तर सांगा, लहानपणी मी खाडीत कसा पडलो होतो?”

“पडला नव्हतास,” चाची म्हणाल्या. “मास्तर दिसले म्हणून उडी मारली होतीस. आणि चड्डी वाहून गेली तेही सांगू का, सगळी बँक ऐकतेय.”

रांगेतले लोक हसले. नावेदचा जीव भांड्यात पडला, पण समाधान झालं नाही. फोन प्रणितच्या हातात आला, आता त्याची पाळी होती. नाव, गाव, नोकरी. प्रणितने छाती पुढे काढून ऑफिसचं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

“ओळखपत्र तर सगळेच दाखवतात,” नावेद म्हणाला.

हे वाक्य जसंच्या तसं प्रणितने झेंडावंदनाच्या भाषणात वापरलं होतं, आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. आता ते समोरून आल्यावर त्याने ओळखपत्र पुन्हा खिशात ठेवलं. अंकिताने त्याच्या हातातून फोन घेतला.

“तुम्ही लगेच तक्रार मागे घेऊ नका,” ती नावेदला म्हणाली. “मॅडमना त्यांच्या पद्धतीने चाचींची खात्री करू दे. आम्ही थांबतो. माझी आई असती तर मीही असंच केलं असतं.”

मग त्याने पहिल्यांदाच ‘ताई’ म्हटलं.

खात्री करायला वेळ लागला. सही जुळवली, फोटो जुळवला, मग जेवणाची सुट्टी झाली. प्रणित काचेच्या दारातून बाहेर बघत राहिला. बाहेरही काही बरं चाललं नव्हतं. टेम्पोमागे गाड्यांची रांग लागली होती. ट्रॅफिक हवालदार काकांपाशी येऊन टेम्पो हलवा म्हणत होता. काका हात जोडून बँकेकडे दाखवत होते. प्रणित धावत बाहेर गेला. काका शांतपणे सांगत होते, “चावी बाईंकडं हाय. त्या आल्याशिवाय नाय हलणार.” हवालदाराने आजवर पुष्कळ कारणं ऐकली असतील, पण हे नवीन होतं. त्याने नंबरप्लेटचा फोटो काढला आणि काकांच्या नावावर दंड चढवला. तो आपण भरतो, असं प्रणित म्हणाला, तर काकांनी त्याला हाताने गप्प केलं आणि आत जायला सांगितलं.

शेवटी तक्रार निघाली. नोटा मशीनमधून फडफडत गेल्या, एकही परत आली नाही. पासबुक छापून आलं. चाचींनी चष्मा लावून ती ओळ वाचली. वरची एक रुपयाची ओळही वाचली. मग त्यांनी पर्स उघडून एक रुपयाचं नाणं प्रणितच्या तळहातावर ठेवलं. नको नको म्हणण्यात अर्थ नव्हता. त्याने ते खिशात टाकलं.

बाहेर येऊन चाचींनी ओढणीची गाठ सोडली आणि चावी काकांना दिली. अंकिताने चादरीवर हात ठेवला. आता ही आपली, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. प्रणितला एकदम वाटलं, की हिला आपण दिवाळीला साडी आणणार होतो, ती या चक्कीपुढे फिकी पडली असती.

तेवढ्यात चाचींनी पर्समधून कापडात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. आत घरघंटीच्या जाळ्या होत्या, बारीक दळायची, जाड दळायची, आणि मघाशी भाजणी दळली तीही. त्यांच्याशिवाय घरघंटी म्हणजे चाकांवरचं नुसतं कपाट. पुसून देते म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं होतं, तेव्हा त्यांनी त्या काढून घेतल्या होत्या.

“पण चावी तर तुमच्याकडेच होती,” प्रणित म्हणाला.

“टेम्पोला दोन चाव्या असतात,” चाची म्हणाल्या. “माझ्या मिस्टरांचाही टेम्पोच होता.”

अंकिताने काकांकडे बघितलं. काका जरा ओशाळले. मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून दुसरी चावी काढून दाखवली. ती दिवसभर तिथेच होती, हवालदार आला तेव्हाही.

“शब्द दिलता बाईला,” काका म्हणाले.

“बघत होते मी, बँकेच्या काचेतून,” चाची म्हणाल्या. प्रणितने जाळ्या घ्यायला पुढे केलेल्या हाताला वळसा घालून त्यांनी ते पुडकं काशीरामकाकांच्या हातात दिलं.